आठवण धरणारं कॅल्शियम ताटातलं नव्हे

गेल्या अंकात मी एक वाक्य लिहिलं होतं: चेतापेशीत क्षणभर कॅल्शियम शिरतं आणि तिथून आठवण तयार व्हायला सुरुवात होते. त्या वाक्यावर बरीच पत्रं आली, बहुतेक आपल्या सांगली-मिरजेकडचीच. पाच पत्रांना इथं उत्तर देते.

हरिपूरहून एक निवृत्त शिक्षक लिहितात: स. न. वि. वि. 11 डिसेंबर 1967 ला कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी आठवीत होतो. पहाटेच्या अंधारात आईनं आम्हा भावंडांना ओढत अंगणात आणलं. तिच्या हातातला कंदील, मांडणीवरून घरंगळलेल्या पितळी डब्यांचा आवाज, सगळं जसंच्या तसं आठवतं. काल दुपारी चष्मा कुठं ठेवला ते मात्र आठवत नाही. मग 1967 चं कॅल्शियम अजून डोक्यात बसून आहे आणि कालचं गळून गेलं, असं समजायचं का? आणि मला काही आजार सुरू झालाय का?

गुरुजी, तुमचा शेवटचा प्रश्न मनात सगळ्यात आधी आला असणार, म्हणून त्याचंच उत्तर आधी देते. चष्मा कुठं ठेवला ते विसरणं हा आजार नाही. चष्मा हातात धरून तो कशासाठी असतो हे सुचेनासं झालं, हरिपूरहून सांगलीला येताना रोजचा रस्ता चुकला, तासाभरात तोच प्रश्न चारदा विचारला, पेन्शनचा हिशेब जमेनासा झाला आणि हे घरच्यांना जाणवायला लागलं, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. तेव्हाही घाबरून जाऊ नका. बी-12 ची कमतरता, थायरॉईड, रक्तातलं सोडियम किंवा कॅल्शियम बिघडणं, झोपेच्या गोळ्या, मनाची उदासी, यांमुळेही विसरभोळेपणा येतो आणि तो उपचारांनी बराच सुधारतो. कानांची तपासणीही करून घ्या. जे नीट ऐकूच आलं नाही ते लक्षात कसं राहणार?

आता कॅल्शियमचं. 1967 चं कॅल्शियम तुमच्या डोक्यात नाही. ते त्या पहाटेच, आत शिरल्यावर क्षणार्धात, पेशीनं बाहेर काढलं. राहिली ती त्यानं करून ठेवलेली कामं.

चेतापेशीच्या बाहेरच्या द्रवात मोकळं कॅल्शियम आतल्यापेक्षा दहा हजार पटींहून जास्त असतं. आपल्याकडच्या माणसाला हे चित्र परकं नाही. कोयना धरण काठोकाठ भरलेलं, खालचं पात्र कोरडं आणि मध्ये दरवाजे. चुकून आत आलेलं कॅल्शियम बाहेर टाकायला पेशी रात्रंदिवस पंप चालवते, त्यावर शक्ती खर्च करते. पात्र कोरडं ठेवलं तरच थोडंसं सोडलेलं पाणीही लगेच कळतं, म्हणून हा खटाटोप. चेतापेशीच्या फांद्यांवर बारीक बारीक बोंडं असतात आणि शेजारच्या पेशीचा निरोप तिथं पोचतो. यातलं एखादं बोंड इतकं लहान असतं की ते शांत असताना त्यात मोकळ्या कॅल्शियमचे कण बोटांवर मोजावेत इतकेच असतात. तिथं शेकड्यांनी कण घुसले की बोंडाच्या हिशेबानं तो महापूरच.

या बोंडावर एनएमडीए नावाचा एक दरवाजा आहे. मी चौतीस वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, पण या दरवाज्याच्या तासाला दरवर्षी माझा आवाज आपोआप चढायचा. त्याला दोन कुलपं आहेत. शेजारच्या पेशीनं ग्लुटामेट हे निरोप पोचवणारं रसायन पाठवलं की पहिलं उघडतं. दुसऱ्या जागी मॅग्नेशियमचा कण बुचासारखा अडकून बसलेला असतो आणि ही पेशी स्वतः पुरेशी उत्तेजित झाली तरच ते बूच निघतं. मॅग्नेशियमचं हे काम 1984 मध्ये उलगडलं. म्हणजे निरोप आणि जाग या दोन गोष्टी एकाच वेळी जुळल्या तरच कॅल्शियम आत जातं. आईची हाक, डब्यांचा आवाज, पायाखालची हलणारी जमीन हे त्या पहाटे एकत्र घडलं, म्हणून तुमच्या डोक्यात ते एकमेकांत गुंफलं गेलं. आज एक आठवलं की दुसरं मागोमाग येतं.

दोन पेशींमधले असे जोड खरोखर घट्ट होतात हे टिम ब्लिस आणि टेर्ये लोमो या संशोधकांनी दाखवलं. नॉर्वेतल्या ऑस्लोमध्ये बेशुद्ध केलेल्या सशांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणींशी संबंधित भागात, त्यांनी काही सेकंद जलद विद्युतझटके दिले. त्यानंतर तोच जोड कित्येक तास पहिल्यापेक्षा जोरात प्रतिसाद देत राहिला. हा शोधनिबंध 1973 चा. दहा वर्षांनी असं दिसलं की निरोप घेणाऱ्या पेशीतलं कॅल्शियम रसायनानं बांधून टाकलं तर जोड घट्ट होतच नाही.

कॅल्शियम तर निघून जातं, मग खूण कशी राहते? पेशीत एक एन्झाइम आहे, संशोधक त्याला कॅम-के-टू म्हणतात. त्याचे बारा भाग एखाद्या फुलाच्या पाकळ्यांसारखे रचलेले असतात. आत आलेलं कॅल्शियम आधी कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं आणि ती जोडी या पाकळ्यांना जागं करते. जागी झालेली पाकळी शेजारच्या जाग्या पाकळीवर फॉस्फेटची खूण ठेवते. ती खूण असेपर्यंत, कॅल्शियम गेल्यावरही, पाकळी काम करत राहते. उंदरांमध्ये या खुणेची एवढी एकच जागा बदलली, तर ते उंदीर पाण्याखाली लपवलेला चौथरा कुठं आहे हे शिकू शकले नाहीत. हा प्रयोग 1998 चा. मी तो पहिल्यांदा वाचला त्या रात्री बराच वेळ झोप लागली नव्हती.

पुढचं काम सावकाश चालतं. बोंडावर निरोप घेणाऱ्या जागा वाढतात, बोंड फुगतं, पेशीच्या केंद्रकापर्यंत वर्दी जाते, तिथं जनुकं जागी होतात, नवी प्रथिनं बनतात. याला काही तास लागतात. आणि तुम्ही ती पहाट आजवर किती जणांना सांगितली असेल! प्रत्येक वेळी ते जोड पुन्हा वापरले गेले. शिवाय भीतीच्या क्षणी शरीरात जी रसायनं सुटतात, तीही आठवण पक्की करायला मदत करतात.

एक गोष्ट मात्र पुस्तकांत घाईघाईनं उरकलेली असते, म्हणून इथं थांबते. कॅल्शियम आलं की जोड घट्टच होतो असं नाही. मी सांगलीच्या गावभागात राहते. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुरात आम्ही वरच्या मजल्यावर अडकलो होतो आणि मी दर तासाला जिन्याच्या पायरीवर खडूनं रेघ मारत होते. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 आणि त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. नुसता आकडा पुरत नाही हे सांगलीकराला सांगावं लागत नाही. पाणी किती वेगानं चढतंय आणि किती वेळ टिकतंय, हेही बघावं लागतं. बोंडातही असंच आहे. कॅल्शियम एकदम आणि भरपूर आलं तर जोड घट्ट होतो. थोडंच, पण बराच वेळ झिरपत राहिलं तर कॅल्सिन्यूरिन नावाचं दुसरं एन्झाइम जागं होतं, फॉस्फेटच्या खुणा पुसल्या जातात आणि तोच जोड सैल पडतो. ही पुसण्याची सोयसुद्धा हवीच. परवाच्या भाजीचा भाव, तेरवा चष्मा कुठं होता, हे सगळं कायमचं राहिलं असतं तर कालचं शोधताना तुमची दमछाक झाली असती.

चष्मा ठेवताना तुमचं लक्ष फोनवर किंवा दारावरच्या माणसाकडे असणार. लक्ष नसलं की पुढची साखळी नीट सुरूच होत नाही. चष्म्याची एक जागा ठरवा आणि ठेवताना “देवघराच्या कोनाड्यात ठेवला” असं तोंडानं म्हणा. मी स्वतः हेच करते.

विट्याहून एक आई लिहितात: मॅडम, मुलगी यंदा दहावीला आहे. वाचलेलं राहत नाही म्हणते, रात्री एकपर्यंत बसते. मेडिकलमधून कॅल्शियमचं सिरप आणलंय. शेजारच्या वहिनी म्हणतात, परीक्षेपर्यंत दुप्पट द्या, डोकं चालतं. देऊ का?

ताई, दुप्पट मुळीच देऊ नका. अंगातलं 99 टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं, मोठ्या माणसात ते साधारण किलोभर भरतं. रक्तातलं प्रमाण शरीर फार काटेकोरपणे सांभाळतं, 100 मिलिलीटरमागे साधारण 8.5 ते 10.5 मिलिग्रॅम. खाण्यात कमी पडलं तर ते हाडांतून काढलं जातं, जास्त झालं तर बाहेर टाकलं जातं. वर गुरुजींना ज्या दरवाज्यांचं सांगितलं, ते सिरपच्या दोन चमच्यांनी उघडत नाहीत. तिथं कॅल्शियमची टंचाई नसते, दरवाजा नेमका कधी उघडतो याला महत्त्व असतं.

मी मिरजेला एमबीबीएस करत होते तेव्हा बेडकाच्या हृदयाचा प्रयोग असायचा. काजळी धरलेला कागद ड्रमवर फिरत असे आणि हृदयाला बांधलेली काडी त्यावर पांढऱ्या लाटा काढत असे. द्रवातलं कॅल्शियम काढलं की लाटा बुटक्या होत होत सपाट रेघ उरायची. कॅल्शियम पुन्हा घातलं की हृदय उठून बसल्यासारखं चालू व्हायचं. आम्ही मुली टाळ्या वाजवायचो. मग सर जास्तीचं कॅल्शियम घालायचे आणि तेच हृदय आवळलेल्या मुठीसारखं आकसून थांबायचं. सिडनी रिंगर यांना 1883 मध्ये लंडनमध्ये हेच उमगलं होतं, तेही योगायोगानं. त्यांच्या प्रयोगशाळेत शुद्ध पाण्याऐवजी नळाचं पाणी वापरलं गेलं होतं, त्यात कॅल्शियम होतं, म्हणून हृदय चालत राहिलं.

ती आवळलेली मूठ मी नंतर घरातच पाहिली. माझी आई पडली, कंबर दुखत होती, म्हणून गावातल्या एका दवाखान्यात तिला ड जीवनसत्त्वाची 6 लाख युनिटची इंजेक्शनं आठवड्याला एक अशी दिली गेली. सोबत कॅल्शियमच्या गोळ्याही होत्या. महिन्या-दीड महिन्यात तिला सारखी तहान लागायला लागली, पोट साफ होईना, दिवसभर गुंगीत असायची. एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर तिनं मला मावशीच्या नावानं हाक मारली आणि विचारलं, “आई उठली का गं?” आम्ही सगळे वयाला दोष देत राहिलो. रक्त तपासलं तेव्हा कॅल्शियम 13.8 निघालं. सलाईन लावलं, सगळं बंद केलं, तरी ती पूर्ववत व्हायला दोन महिने गेले, कारण ड जीवनसत्त्व चरबीत साठून राहतं. तो चहाचा कप मला अजून डोळ्यांसमोर दिसतो.

तुमच्या मुलीला दिवसाला साधारण हजार मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, हाडांसाठी. दूध, दही, नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, पालेभाजी रोज पोटात गेली तर बराचसा वाटा ताटातूनच भागतो. उरलेल्यासाठी सिरप हवं का, ते डॉक्टरांना ठरवू द्या. मी तुमच्या जागी असते तर आधी तिचं हिमोग्लोबिन तपासलं असतं. या वयाच्या मुलींमध्ये रक्त कमी असणं फार आढळतं आणि त्यानं वाचनात लक्ष लागत नाही. आणि रात्री एकपर्यंतचं बसणं बंद करा. दिवसा शिकलेलं झोपेत पक्कं होतं, झोप कापली की अभ्यासही कापला जातो. दहा-साडेदहाला झोपू दे. सकाळी उठल्यावर पुस्तक न उघडता आदल्या दिवशीचा धडा तिला तुम्हाला सांगायला लावा. पोळ्या लाटता लाटता ऐका, चालेल.

कुपवाडमधले एक वाचक लिहितात: मी बीपीसाठी अम्लोडिपिन घेतो. कागदावर ‘कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर’ असं लिहिलंय. तुमचं वाचल्यापासून धास्ती बसली. आठवणीला लागणारं कॅल्शियमच ही गोळी अडवत असेल तर? चार दिवस बंद केली आहे.

दादा, आजच गोळी सुरू करा आणि बीपी मोजून घ्या. माझ्या लिहिण्यानं तुम्ही ती बंद केलीत, हे वाचून मला फार लागलं. मी आधीच स्पष्ट लिहायला हवं होतं.

कॅल्शियमचे दरवाजे अनेक जातींचे असतात. तुमची गोळी मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंवरचे दरवाजे अडवते, त्यामुळे वाहिनी सैल होते आणि दाब उतरतो. एनएमडीए हा दरवाजाच वेगळा, त्याला ही गोळी हात लावत नाही. उलट, बीपी आटोक्यात ठेवण्यानं मेंदू सांभाळला जातो. अमेरिकेत नऊ हजारांवर लोकांचा अभ्यास झाला, त्याचा स्मरणशक्तीविषयीचा निष्कर्ष 2019 मध्ये आला. वरचं बीपी 120 च्या खाली ठेवायचं ध्येय होतं त्या गटात स्मरणशक्ती आणि विचारशक्तीची सुरुवातीची घसरण कमी दिसली. तुमचा आकडा किती असावा ते मात्र तुमचे डॉक्टर ठरवतील.

मेंदूतल्या कॅल्शियमची भीती बाळगायचीच असेल तर पक्षाघाताची बाळगा. रक्तपुरवठा थांबला की पंपांना शक्ती मिळत नाही, ग्लुटामेट सांडतं, सगळे दरवाजे एकदम उघडतात आणि पेशी कॅल्शियमच्या पुरात मरतात. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं तर घरगुती उपाय करत बसू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्यातही जितकं लवकर तितकं चांगलं.

मार्केट यार्डातले एक हळद व्यापारी विचारतात: हळदीनं स्मरणशक्ती वाढते असं आम्ही गिऱ्हाइकाला सांगावं का?

सांगू नका. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून फार थोडं शोषलं जातं, आणि माणसांमध्ये स्मरणशक्तीसाठी ठाम पुरावा नाही. आपल्या सांगलीची हळद रंगावर आणि वासावर विकली जाते, तेवढं पुरेसं आहे.

मिरजेहून सतार शिकणारी एक मुलगी लिहिते: मॅडम, मी एकोणीस वर्षांची आहे. पुढच्या महिन्यात पहिल्यांदा कार्यक्रमात वाजवायचं आहे. एक तान सारखी चुकते. रविवारी सलग पाच तास बसले तरी सोमवारी परत तीच चूक. रोज थोडं थोडं करू की असंच सलग? आणि हाताची आठवणसुद्धा कॅल्शियमवरच चालते का?

चालते, पण तिथं गंमत वेगळी आहे. बोटांच्या सरावाचा मोठा भाग लहान मेंदूत बसतो. तिथं पुर्किन्ये नावाच्या मोठ्या पेशी असतात. बोट चुकलं की एका खास तंतूवरून चूक झाल्याची वर्दी येते, पेशीत कॅल्शियम उसळतं आणि त्या क्षणी जे जोड काम करत होते ते सैल पडतात. जपानच्या मासाओ इतो यांनी 1982 मध्ये जोडांचं हे सैल पडणं प्रयोगातून दाखवलं. म्हणजे हात शिकतो त्यात नको ते गाळण्याचा वाटा मोठा आहे.

यासाठी चूक जिथल्या तिथं कळली पाहिजे. तू पूर्ण तान दुगुनीत वाजवत असशील तर चूक निसटून जाते आणि बोटं तीच चूक घोटतात. तान तोड. ज्या दोन सुरांमध्ये बोट अडकतं तेवढेच दोन सूर घे, विलंबित लयीत, नखीचा ‘दा’ कुठं आणि ‘रा’ कुठं हे तोंडानं म्हणत. मींड खेचताना सूर लागला की नाही ते थांबून ऐक. माझी एक विद्यार्थिनी सतारमेकर गल्लीत राहायची. तिच्या घराखालच्या दुकानातले कारागीर एकेका पडद्याची जागा लावताना तार छेडायचे, कान लावायचे, पडदा केसभर सरकवायचे, पुन्हा छेडायचे. मी जिन्यात उभी राहून ते बघत असे. तसं बस.

सलग पाच तास नको. एरिक कँडेल यांना 2000 मध्ये नोबेल मिळालं ते समुद्री गोगलगायीवरच्या कामासाठी. त्या कामातून दिसलं की एकदा दिलेल्या इशाऱ्याचा ठसा काही मिनिटांत विरतो, पण तोच इशारा मध्ये थांबत थांबत पाच वेळा दिला तर तो दिवसापलीकडे टिकतो, कारण मधल्या वेळात पेशीला नवी प्रथिनं बनवायला सवड मिळते. तू सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास त्या तानेला दे, बाकीचा रियाज वेगळा. जेवढा वेळ तू सतार खाली ठेवशील, त्या वेळातही आत काम चालू असतं.

कार्यक्रमाच्या आदल्या रात्री जागून घोटू नकोस, वेळेवर झोप. आणि कार्यक्रम मिरजेतच असेल तर तारीख कळव, मी पुढच्या रांगेत बसायला येईन.